बाण लागला, हरीण दिसेनासं झालं. आता माग कसा काढायचा?

बाणानं हरीण सहसा जागेवर कोसळत नाही. बाणाच्या टोकाशी असलेलं धारदार पातं रक्तवाहिन्या कापत जातं आणि रक्त वाहून गेल्यामुळे जनावर मरतं. त्याला थोडा का होईना वेळ लागतो, आणि त्या वेळात हरीण पळतं. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तरी पन्नास-शंभर यार्ड सहज धावून मग पडतं. दाट झाडीत शंभर यार्डांवर पडलेलं तपकिरी जनावर मचाणावरून दिसत नाही. म्हणून धनुष्यानं शिकार करणाऱ्याला माग काढता आलाच पाहिजे. ज्याला तो काढायचा नाही, त्यानं बाण सोडू नये.

हा लेख अमेरिकेत परवाना काढून, हंगामात, व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणाची शिकार नुकतीच सुरू केलेल्यांसाठी आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडे यातलं काही करून बघायचा प्रश्नच येत नाही.) नियम राज्यागणिक बदलतात. रात्री माग काढताना धनुष्य जवळ ठेवता येतं का, दिवा वापरता येतो का, कुत्रा चालतो का, हे आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या पुस्तिकेत हंगामाआधीच वाचून ठेवा. हरीण जखमी होऊन झाडीत गेल्यावर, अंधारात, फोनला रेंज नसताना ते शोधत बसायला नको.

माझ्या मते नव्या माणसाचं हरीण हरवतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. नजर कच्ची असणं हे नंतरचं कारण.

मचाणावरून उतरू नका

बाण सुटल्यानंतरची पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यांत मोलाची. हात थरथरत असतात, छातीत धडधडत असतं, आणि नेमक्या त्याच वेळी तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या असतात: बाण लागला तेव्हा हरीण कुठे उभं होतं, शेवटचं कुठे दिसलं, आणि शेवटचा आवाज कुठून आला. "त्या झाडापाशी" एवढ्यानं भागत नाही. वीस फुटांवरून जंगल वेगळं दिसतं आणि खाली उतरल्यावर वेगळं. वरून अगदी ठळक वाटलेलं झाड खाली आल्यावर इतर झाडांत मिसळून जातं. म्हणून वर बसल्या बसल्याच फोनवर फोटो काढा, होकायंत्रावर दिशा बघा, आडवा पडलेला ओंडका किंवा वाकडं खोड अशी खूण धरा. वेळ लिहून ठेवा. अशा वेळी मनाचं घड्याळ भलतंच पुढे पळतं; दहा मिनिटं झाली नाहीत तोच अर्धा तास झाल्यासारखं वाटतं.

कान उघडे ठेवा. पाचोळ्यातली धावपळ, मग फांद्या मोडल्याचा आवाज आणि एकदम सामसूम, असं ऐकू आलं तर हरीण बहुतेक पडलं. धावपळ थांबली आणि पुन्हा सावकाश पावलं वाजू लागली, तर ते अजून उभं आहे.

हरीण कसं पळालं तेही बघायचं. मागचे दोन्ही पाय लाथ झाडल्यासारखे वर उडाले आणि मग ते खाली झुकून सुसाट सुटलं, तर बाण छातीत, बऱ्याचदा हृदयाजवळ लागलेला असतो. पाठ कमानीसारखी वर आली, थोडं पळून ते थांबलं आणि पाय ओढत चालू लागलं, तर बाण पोटात किंवा यकृतात गेला असं धरून चाला. शेपटीवर मात्र फार विसंबू नका. शेपटी खाली दाबून पळालेलं हरीण बहुधा जखमी असतं हे खरं, पण पांढरी शेपटी उभारून पळालेलंही पुढे मेलेलं सापडतं. उडी मारली, पळालं, थांबून मागे बघितलं, म्हणजे नेम चुकलाच असं समजून घरी जाऊ नका. बाण हातात येईपर्यंत काहीच नक्की नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा अंदाज तिच्यावर उभा राहतो. "मी तर बरोबर फुप्फुसावर नेम धरला होता" हे बऱ्याचदा खरं असतं, तरी बाण वरच लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे १,१२५ फूट जातो, बाण २७०-२८० फूट. हरीण तीस यार्डांवर असेल तर प्रत्यंचेचा आवाज त्याच्यापर्यंत बाणाच्या साधारण पाव सेकंद आधी पोचतो. सावध हरीण तेवढ्यात उसळी घेण्यासाठी पाय मुडपून खाली दबतं, आणि छातीसाठी सोडलेला बाण पाठीजवळ लागतो. तेव्हा बाण सोडताना हरणाचे कान ताठ होते का, ते आठवा. नेम कुठे धरला होता यापेक्षा बाण कुठे घुसताना दिसला, ते महत्त्वाचं. नॉकला, म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचेला, छोटा दिवा लावलेला असेल तर हे दिसायला मोठी मदत होते. काही राज्यांत मात्र धनुष्यबाणावर विजेच्या उपकरणांबाबत नियम असतात, ते बघून घ्या.

बाण, केस आणि रक्त काय सांगतात

हरीण पाठ कमानून चालत गेलेलं दिसलं असेल तर बाण बघायलाही लगेच जाऊ नका. ते जवळच बसलेलं असू शकतं. गुपचूप उलट बाजूनं उतरा आणि निघून जा. बाकी वेळी निदान अर्धा तास थांबून, आवाज न करता, हरीण उभं होतं त्या जागी जा आणि तिथे सगळ्यांत आधी खुणेची फीत बांधा. आता बाण शोधा. आरपार गेलेला बाण बहुधा पलीकडे जमिनीत रुतलेला किंवा पाचोळ्याखाली सरपटत गेलेला सापडतो.

बाण पुसू नका. पिसांपासून पात्यापर्यंत नीट बघा, पांढऱ्या टिश्यूवर हलकेच टेकवून रंग बघा, आणि नाकाजवळ धरा. वास घ्यायला लोक कचरतात, पण डोळा फसतो तिथे नाक फसत नाही.

गुलाबीसर लाल रक्त आणि त्यात बारीक बुडबुडे असतील तर ते फुप्फुसाचं. बुडबुडे वाळले की पिसांवर बारीक फेसाच्या खुणा राहतात. भडक लाल आणि भरपूर रक्त, बुडबुडे नाहीत, तर हृदय किंवा मोठी रक्तवाहिनी. पण मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसातून निघणारं रक्तही असंच भडक असतं आणि नवा माणूस इथेच सगळ्यांत जास्त फसतो. मांसाच्या जखमेचं रक्त सुरुवातीला ढीगभर सांडतं, शे-दोनशे यार्डांत थेंबांवर येतं आणि मग बंद होतं. गडद, वाईनच्या रंगाचं रक्त यकृताचं. हिरवट-तपकिरी, चिकट, त्यात चघळलेल्या पानांचा चोथा आणि आंबूस घाण वास, म्हणजे बाण जठरातून किंवा आतड्यांतून गेला. कधी कधी बाणावर भडक रक्त दिसतं आणि वास मात्र पोटाचा येतो. हरीण तिरकं उभं असेल तर बाण एकाच फेरीत पोट आणि छाती दोन्ही कापू शकतो. अशा वेळी वाईटातली शक्यता खरी मानून थांबा.

केसही बघा. पात्यानं कापलेले केस तिथेच पडतात. पोटाखालचे पांढरे, बरगड्यांवरचे करडे-तपकिरी, पाठीवरचे लांब, जाड आणि टोकाला काळपट. नुसतेच पांढरे केस आणि रक्त जवळजवळ नाही, तर बाण पोटाखालून घासून गेला असावा. उंचावरून मारलेला बाण मात्र वरून घुसून खालून निघतो, म्हणून पांढरे केस दिसले की लगेच निराश होऊ नका. रक्त काय म्हणतंय ते बघा.

बाण सापडलाच नाही तर तो बहुधा हरणाबरोबर गेला. अर्धा तुकडा सापडला तर किती आत गेला होता ते मोजा. खांद्याच्या हाडावर आदळून चार बोटं आत गेलेला बाण आणि बरगड्यांमधून वीतभर आत गेलेला बाण, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

किती थांबायचं

दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय: अर्धा ते एक तास. हरीण तोवर कधीच मेलेलं असतं, ही वाट फक्त आपला अंदाज चुकला असेल तर त्यासाठी. यकृत: चार तास, जमलं तर सहा. पोट किंवा आतडी: निदान आठ, बारा असतील तर उत्तम, संध्याकाळी बाण लागला असेल तर सकाळपर्यंत. काहीच कळत नसेल तर जास्तीचा आकडा धरा.

इतकं थांबायचं कशासाठी? साधारण सत्तर किलोच्या हरणात चार लिटरच्या आसपास रक्त असतं आणि ते कोसळायला त्यातलं एक तृतीयांशाहून अधिक जावं लागतं. यकृतातून रक्त जातं, पण हळू. पोटातल्या जखमेनं जनावर मरतं खरं, पण तासन्‌तास लागतात. अशा हरणाला कुणी मागे येताना जाणवलं नाही तर ते शंभर-दोनशे यार्डांत, पहिल्या आडोशाला बसतं आणि बहुधा तिथेच मरतं. तासाभरात तुम्ही बॅटरी घेऊन त्याच्यावर जाऊन धडकलात, तर ते उठून अर्धा-एक मैल जाईल. आतडी किंवा चरबी जखमेच्या तोंडाशी येऊन बसलेली असते, त्यामुळे दुसऱ्या धावेत रक्त जवळजवळ पडत नाही. मग माग उरत नाही.

आता हवामान. पाऊस किंवा बर्फ येणार असेल तर रक्त धुतलं किंवा झाकलं जाईल, ही धास्ती रास्त आहे. तरी पोटातल्या जखमेसाठी मी पावसातही थांबणंच पसंत करतो, कारण त्या जखमेत धुऊन जाण्याजोगं रक्त मुळातच फारसं नसतं. हरीण जवळ बसलेलं असेल तर शोधून सापडतं. उठवलेलं सापडत नाही. छातीतली जखम असेल आणि ढग भरून आले असतील तर अर्ध्या तासानं निघायला हरकत नाही. गरमीचं गणित वेगळं. रात्रीचा पारा १० अंश सेल्सिअसच्या वर राहणार असेल तर सकाळपर्यंत मांस खराब होण्याची भीती असते, आणि पोट फुटलेल्या हरणाचं आणखी लवकर. कोल्ह्यांसारखे दिसणारे कायोटी भरपूर असतील तर तेही रात्रीत हरणावर तुटून पडतात. मांस वाचवायचं की हरीण हाती लागण्याची शक्यता वाढवायची, हा निर्णय तुमचाच. मी शक्यतेच्या बाजूनं झुकतो: हरीणच सापडलं नाही तर वाचवायला मांस कुठलं?

नुसत्या मांसातल्या जखमेबद्दल जुन्या शिकाऱ्यांत दोन मतं आहेत. काही म्हणतात लगेच मागे लागा, हरीण चालतं राहिलं तर रक्त गोठत नाही. पण जखम मांसातलीच आहे याची खात्री सुरुवातीला क्वचितच असते. भडक रक्त बघून मागे धावलात आणि जखम यकृताची निघाली, तर सगळं बिघडलं. नव्यांनी या वादात पडू नये, थांबावं.

माग धरणं

सोबत काय घ्यायचं: जोरदार बॅटरी आणि तिचे जादा सेल, खुणेची फीत किंवा टॉयलेट पेपर (तो पावसात विरघळून जातो, फीत मात्र परतताना काढून आणावी लागते), रबरी हातमोजे, सुरी, दोरी, पाणी, पूर्ण चार्ज केलेला फोन, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी फवाऱ्याची बाटली. नियमात बसत असेल तर धनुष्य आणि दोन बाण.

माणसं दोन, फार तर तीन. पाच मित्रांना फोन करून बोलावलंत तर ते दहा पायांनी माग तुडवतील. एकानं शेवटच्या सापडलेल्या थेंबापाशी उभं राहायचं आणि पुढचा थेंब मिळेपर्यंत जागा सोडायची नाही. दुसऱ्यानं पुढे शोधायचं. थेंब सापडला की खूण, मग मागचा पुढे येणार. चालायचं ते मागाच्या बाजूनं, मागावरून नाही. रक्तावर पाय पडला तर ते बुटाला चिकटून भलतीकडे जातं आणि परत येऊन शोधायची वेळ आली की तुम्ही स्वतःच सांडलेल्या खुणांचा माग काढत बसता. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही त्यांनी शोधणाऱ्याची जागा घेऊ नये. खूण धरून उभं राहण्याचं काम त्यांना उत्तम जमतं.

फक्त जमिनीकडे बघू नका. पहिल्या पन्नास यार्डांत रक्त बऱ्याचदा जमिनीवर नसतंच. ते गुडघ्याच्या, मांडीच्या उंचीला गवताच्या पात्यांवर आणि कोवळ्या खोडांवर पुसलेलं असतं. रक्ताची उंची म्हणजे जखमेची उंची. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांवर डाग असतील तर बाण आरपार गेला. बाण उंच लागून खालून बाहेर पडला नसेल, तर रक्त आधी छातीच्या पोकळीत साठतं आणि भरून वाहू लागेपर्यंत बाहेर थेंब पडत नाही. सुरुवातीला काहीच दिसलं नाही म्हणून नेम चुकला असं ठरवू नका. हरीण गेलं त्या दिशेनं निदान शंभर यार्ड खुरांवरून जा.

थेंबाचा आकार बघायला शिका. गुडघे टेकून एका पानावर नजर स्थिर करा. चालत्या-पळत्या हरणाचा थेंब तिरका पडतो, लांबट होतो आणि त्याच्या एका कडेला बारीक शिंतोडे उडतात. शिंतोडे ज्या बाजूला, हरीण त्या बाजूला गेलं. सगळीकडे सारखे शिंतोडे असलेला गोल थेंब म्हणजे ते उभं होतं किंवा अगदी सावकाश चालत होतं. एकाच जागी थारोळं असेल तर तिथे ते थांबलं, मागे वळून बघत असणार. पुढे अचानक वळलेलंही असू शकतं. आडव्या ओंडक्यापाशी पलीकडची बाजू बघा: उडी मारून पाय टेकतात तेव्हा जखमेतून रक्त उसळतं.

शरद ऋतूत मेपलची पानं फार छळतात. लाल ठिपक्यांची पानं हजारांनी पडलेली असतात आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक ठिपका रक्ताचा वाटतो. बोटाला थुंकी लावून ठिपका चोळा. रक्त असेल तर बोटावर लालसर तपकिरी उतरेल, पानाचा रंग असेल तर बोटावर काहीच उतरणार नाही. तरी शंका असेल तर पेरॉक्साइड फवारा. रक्तावर पांढरा फेस येतो. प्रत्येक पानावर फवारत सुटू नका, बाटली लवकर संपते.

रक्त विरळ झालं की खुरांकडे वळा. पळणाऱ्या हरणाचे खूर फाकतात, खोल रुततात आणि मऊ मातीत मागच्या छोट्या उपखुरांचे दोन ठिपकेही उमटतात. पाचोळ्यात ठसा उमटत नाही, पण पानं उलटतात. वरची बाजू कोरडी आणि फिकी, खालची ओली आणि काळपट. सकाळच्या कलत्या उजेडात थोडं मागे सरून बघितलं की उलटलेल्या पानांची रांग स्पष्ट दिसते. त्या रांगेत एखादा थेंब मिळाला की तेच तुमचं हरीण, कारण त्याच वाटेवरून दुसरी हरणंही जात असतात.

आणि दर दहा पावलांनी मान वर करून पुढे बघा. पांढरं पोट, शिंगाचं टोक, हलणारा कान. मेलेलं हरीण तर सापडेलच, पण बसलेलं हरीण तुम्हाला आधी दिसलं पाहिजे. तुम्ही त्याला आधी दिसलात तर गेलं. ते बसलेली जागा, म्हणजे लंबगोल दबलेला पाचोळा आणि त्यात रक्त, रिकामी सापडली तर ते तुमच्या चाहुलीनं उठलं असं समजा. तिथे खूण बांधा आणि चार-सहा तासांसाठी मागे फिरा. नव्या माणसाला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट हीच, कारण आता अगदी जवळ आलो असं वाटत असतं.

रक्त संपलं तर

आधी मागे वळून बघा. बांधलेल्या फितींची ओळ हरणाची चाल दाखवते: सरळ चाललंय, उताराकडे झुकतंय, की एखाद्या दाट पट्ट्याकडे. जखमी हरीण नेहमी उतारालाच जातं असं छातीठोक सांगणारे भेटतील. कमजोर झालेलं जनावर सोपी वाट धरतं एवढंच त्यात तथ्य. घराच्या ओढीनं चढ चढलेली हरणंही असतात. पोटात बाण लागलेलं मात्र बऱ्याचदा पाण्याकडे जातं. ओढ्याच्या काठाला, पाण्यात वाकलेल्या झाडांखाली जरूर बघा.

शेवटच्या थेंबाभोवती लहान घेर घ्या, मग मोठा. हरीण कधी कधी आल्या वाटेनंच मागे येतं आणि मधूनच बाजूला उडी मारतं. त्यामुळे शेवटच्या थेंबाच्या मागचे वीस-तीस यार्डही दोन्ही बाजूंनी बघा. कुंपणाच्या तारा, खाली वाकलेल्या वेली, ओढ्याच्या पलीकडचा चिखल, अशा जागी माग पुन्हा सापडतो. तेही जमलं नाही तर नकाशाच्या ॲपवर चौकोन आखून पट्ट्यापट्ट्यानं शोधा, दोन पट्ट्यांतलं अंतर नजरेच्या टप्प्यात ठेवून. पण त्याआधी पुढचा मुद्दा वाचा.

कुत्रा बोलवायचा तर तुडवण्याआधी

पट्ट्यावर धरून माग काढणारा शिकवलेला कुत्रा असेल तर माणसाची नजर संपते तिथून तो पुढे जातो. हरणाच्या दोन खुरांच्या फटीत गंधग्रंथी असतात. जखमी, घाबरलेल्या हरणाचा तो वास कुत्रा इतर हरणांच्या वासातून वेगळा ओळखतो, म्हणून रक्ताचा थेंबही नसला तरी त्याचं अडत नाही. ही परंपरा मूळची जर्मनीची. तिथे याच कामासाठी हॅनोव्हेरियन आणि बव्हेरियन हाउंड अशा जाती तयार झाल्या. अमेरिकेत तारेसारख्या राठ केसांचा डाक्सहुंड लोकप्रिय आहे. बुटकं कुत्रं, नाक जमिनीलाच, आणि सावकाश चालतं, म्हणून मालक मागे धापा टाकत नाही.

युनायटेड ब्लड ट्रॅकर्स या संघटनेच्या संकेतस्थळावर राज्यवार कुत्रेवाल्यांची यादी आहे. अनेक राज्यांत पट्ट्यावरचा कुत्रा चालतो, काहींत त्यासाठी वेगळा परवाना लागतो. हंगाम सुरू होण्याआधीच आपल्या भागातले दोन-तीन नंबर फोनमध्ये ठेवा. शंका आली की लगेच फोन करा, सगळे उपाय थकल्यावर नको. सहा माणसं अख्ख्या रानात हिंडली की जखमेचा वास त्यांच्या बुटांनी सगळीकडे पसरतो आणि कुत्र्याचं काम दसपट अवघड होतं. कुत्रेवाला फोनवर पहिल्यांदा विचारेल, "बाण कुठे लागला, किती वाजता, मागे कुठवर गेलात?" वेळ लिहून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठीही.

कुंपणापलीकडे

हरणाला मालमत्तेच्या सीमा कळत नाहीत, तुम्हाला कळाव्या लागतात. जखमी हरीण शेजारच्या जमिनीत गेलं म्हणून मागे जाण्याचा हक्क बहुतेक राज्यांत मिळत नाही. मालकाची परवानगी लागते. काही राज्यांत झाडाच्या खोडावरचा जांभळा उभा पट्टा म्हणजेच प्रवेशबंदीची पाटी. सीमेशी थांबा, खूण बांधा, मालकाला फोन करा किंवा दार ठोठवा, धनुष्य गाडीत ठेवून. मालकानं नाही म्हटलं तर गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला, कळवा. तो बळजबरी करू शकेलच असं नाही, पण मध्यस्थी करतो. हंगामाआधी शेजाऱ्यांना भेटून ठेवणाऱ्याला हा त्रास क्वचित होतो.

खरंच नाही सापडलं तर? खांद्याच्या वरच्या मांसात किंवा मांडीत लागलेली हरणं बरी होतात आणि काही आठवड्यांनी रानात लावलेल्या कॅमेऱ्यात धडधाकट चरताना दिसतात. पोटात लागलेली सहसा वाचत नाहीत, तिथे शोध दुसऱ्या दिवशीही चालू ठेवायचा. आकाशात घिरट्या घालणारी गिधाडं आणि कावळ्यांचा कलकलाट यांकडे लक्ष द्या. न सापडलेल्या हरणासाठी आपला टॅग (परवान्याबरोबर मिळणारी, एका हरणापुरती चिठ्ठी) वापरला असं समजून तो हंगाम थांबवणारे शिकारी आहेत. बहुतेक ठिकाणी कायदा तसं सांगत नाही, पण मला ते पटतं.

सापडल्यावर

पाठीकडून जा, पायांच्या आणि शिंगांच्या बाजूनं कधीच नको. थोडं लांब उभं राहून बरगड्या हलतात का बघा. मेलेल्या हरणाचे डोळे सहसा उघडे असतात; मिटलेले असतील तर सावध व्हा. लांब काठीनं डोळ्याच्या बुबुळाला हलकेच स्पर्श करा, पापणी हलली नाही तर संपलं. जिवंत असेल आणि नियम परवानगी देत असतील तर लगेच छातीत दुसरा बाण. बाण लागताच कण्याला मार बसून जागेवर कोसळलेल्या हरणालाही दुसरा बाण वेळ न घालवता द्यायचा असतो. नुसता कण्याच्या वरच्या टोकाला धक्का लागला असेल तर ते मिनिटाभरात उठून पळतं.

हलवण्याआधी टॅग लावा. काही राज्यांत कागदी, काही ठिकाणी ॲपवर. शरीरात तुटलेलं पातं राहिलं असेल याची जाणीव ठेवून हातमोजे घाला आणि छातीच्या पोकळीत हात घालताना बोटं सावकाश सरकवा. पोट लवकरात लवकर साफ करा. बाणानं आतडी फाडली असतील तर माखलेलं मांस सुरीनं कापून टाका, स्वच्छ पाण्यानं धुऊन पुसून कोरडं करा. गरमी असेल तर छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या ठेवून मांस ४ अंश सेल्सिअसच्या खाली आणायच्या मागे लागा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) असलेल्या भागात मुंडकं तपासणीला द्यावं लागू शकतं आणि मेंदू-कणा बऱ्याचदा त्या भागाबाहेर नेता येत नाही. तिथे कण्यातून करवत चालवू नका.

आतडी-फुप्फुसं तिथेच टाकण्याआधी पाच मिनिटं थांबून ती उजेडात बघा. बाण कुठून शिरला, एकच फुप्फुस कापलं की दोन्ही, यकृताची कड चिरली का, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या मागे गेला की पुढे. मग बाणावरचं रक्त, त्याचा वास आणि तुम्ही ठरवलेली थांबायची वेळ यांच्याशी ते ताडून बघा, आणि बाणाचा फोटो काढला असेल तर त्याच्याच शेजारी या अवयवांचाही एक काढून ठेवा.